पाया लेबारचा मतदार आणि निवडणुकीच्या बातम्या

सिंगापूरच्या ईशान्य भागातल्या अल्जुनीड या गट मतदारसंघात पाया लेबार नावाचा एक विभाग आहे. हे नाव बहुतेकांना विमानतळामुळे माहीत असते. १९५५ ते १९८१ या काळात सिंगापूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ पाया लेबारला होता; चांगीचा विमानतळ सुरू झाल्यावर तिथे हवाई दलाचा तळ राहिला. आज पाया लेबार मेट्रो (एमआरटी) स्थानकाभोवती उंच कार्यालये आणि मॉल उभे आहेत, पण तो भाग वेगळा आणि त्याच नावाचा मतदार विभाग वेगळा. मतदारसंघांच्या सीमा जवळपास प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने आखल्या जात असल्याने नावे टिकतात आणि त्यांच्याखालचे रस्ते बदलतात.

या विभागाचा निवडणूक-इतिहास एका प्रश्नासाठी अभ्यासण्यासारखा आहे. निवडणूक कडवट झाली, समाजात फूट पाडणारे विषय पुढे आले आणि बातम्या वरवरच्या राहिल्या, की मतदार वैतागतो. त्या वैतागाचा अर्थ काय, आणि तो कोणत्या वाटेने बाहेर पडतो? ‘लोकांना राजकारणाचा कंटाळा आला आहे’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. पाया लेबार आणि अल्जुनीडचा अनुभव ते खोडून काढतो. तिथल्या मतदाराला निर्णय घेण्यापुरती माहिती हवी होती. जिथे ती मिळाली नाही तिथे त्याने ती दुसरीकडे शोधली, आणि संधी मिळताच मतपेटीतून उत्तर दिले.

मतदानाची चौकट

सिंगापूरमध्ये १९५९ पासून मतदान सक्तीचे आहे. मत न देणाऱ्याचे नाव यादीतून वगळले जाते आणि ते पुन्हा घालून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. उमेदवारी दाखल होण्याचा दिवस आणि मतदान यांत साधारण नऊ दिवसांचे अंतर असते, म्हणजे प्रचाराचा काळ फार तोकडा असतो. या काळात मतदारांच्या कलाचे सर्वेक्षण प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे. मतदान संपेपर्यंत एक्झिट पोलही देता येत नाहीत.

१९८८ पासून गट मतदारसंघांची पद्धत आली. अशा मतदारसंघात पक्ष एकटा उमेदवार उभा करत नाही. तो उमेदवारांचा पूर्ण संघ उतरवतो. मतदार संघाला एकच मत देतो आणि जिंकणारा संघ सगळ्या जागा घेतो. संघात मलाय, भारतीय किंवा अन्य अल्पसंख्याक समाजातला किमान एक उमेदवार असावाच लागतो. संसदेत अल्पसंख्याकांना हमखास स्थान मिळावे, हा या पद्धतीमागचा जाहीर हेतू. पाच लायक उमेदवार एकाच वेळी गोळा करणे लहान पक्षांना परवडत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. अल्जुनीड हा पाच जागांचा मतदारसंघ आहे.

१९६२-६३: दुभंगलेला समाज

सिंगापूरची सर्वांत कडवट निवडणूक या पद्धतीच्या कितीतरी आधी झाली. मलेशियात विलीन व्हायचे की नाही आणि झाल्यास कोणत्या अटींवर, हा तेव्हाचा प्रश्न होता. सत्ताधारी पीपल्स अॅक्शन पार्टीतून (पीएपी) डावा गट फुटला आणि १९६१ मध्ये त्याने बारिसान सोशालिस हा पक्ष काढला. त्याच वर्षी पंतप्रधान ली क्वान यू यांनी विलीनीकरणाच्या बाजूने सरकारी रेडिओवर इंग्रजी, मलाय आणि मँडरिन भाषांतून बारा भाषणांची मालिका केली. देशातले सर्वांत प्रभावी माध्यम वादाच्या एका बाजूच्या हाती होते.

१ सप्टेंबर १९६२ रोजी सार्वमत झाले. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते आणि तिन्ही विलीनीकरणाचेच होते; ‘विलीनीकरण नको’ असे सांगण्याची सोय नव्हती. बारिसानने कोरी मतपत्रिका टाकण्याचे आवाहन केले. सरकारने पुरस्कारलेल्या पर्यायाला सुमारे ७१ टक्के मते मिळाली, पण सुमारे २५ टक्के मतपत्रिका कोऱ्या निघाल्या. मतदान सक्तीचे असताना दर चौथ्या मतदाराने ती कोरी टाकली. त्यात पक्षाचा आदेश होता, तसा विचारलेल्या प्रश्नालाच असलेला नकारही होता.

२ फेब्रुवारी १९६३ च्या ‘ऑपरेशन कोल्डस्टोअर’मध्ये शंभराहून अधिक डावे नेते आणि कार्यकर्ते खटल्याविना स्थानबद्ध झाले. १६ सप्टेंबरला मलेशिया अस्तित्वात आला आणि पाचच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, सिंगापूरमध्ये निवडणूक झाली. पीएपीला सुमारे ४७ टक्के मते आणि ५१ पैकी ३७ जागा, बारिसानला सुमारे ३३ टक्के मते आणि १३ जागा मिळाल्या. पाया लेबारमध्ये पीएपीचे मंत्री तान किआ गान पराभूत झाले आणि बारिसानचे को की सेंग निवडून आले. देशाने पीएपीला सत्ता दिली आणि पाया लेबारने तिचा मंत्री घरी पाठवला. हा विभाग बहुमताच्या वाऱ्यासोबत जातोच असे नाही, हे तेव्हाच दिसले होते.

बिनविरोध निकालांची वर्षे

बारिसानने १९६६ मध्ये संसद सोडली आणि १९६८ च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. त्या वर्षी ५८ पैकी ५१ जागा बिनविरोध गेल्या. पुढे १९८१ मध्ये अॅन्सनच्या पोटनिवडणुकीत जे. बी. जयरत्नम जिंकेपर्यंत संसदेत विरोधी पक्षाचा एकही निर्वाचित सदस्य नव्हता. त्यानंतरही बिनविरोध जागांचे प्रमाण मोठे राहिले: १९९१ मध्ये ८१ पैकी ४१, १९९७ मध्ये ८३ पैकी ४७ आणि २००१ मध्ये ८४ पैकी ५५.

२००१ मध्ये अल्जुनीडमध्ये लढत व्हायला हवी होती. वर्कर्स पार्टी या विरोधी पक्षाने संघ उतरवला होता, पण त्यांच्या उमेदवारी अर्जांवर मतदारसंघाचे नाव भरायचे राहून गेले होते. अर्ज बाद झाले आणि अल्जुनीडच्या मतदारांना मतच देता आले नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘बिनविरोध’ हा कौतुकाचा शब्द आहे. भांडण टळले, खर्च वाचला, गाव एक राहिले, असे म्हटले जाते. पण त्याची दुसरी बाजूही मराठी वाचकाने पाहिली आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. लढतच झाली नाही तर मतदाराला आपले मत वापरता येत नाही आणि काय चालले आहे हे तपासण्याचे निमित्तही उरत नाही. सिंगापूरमध्ये अनेक नागरिक वयाची तिशी-चाळिशी गाठेपर्यंत एकदाही मतदान केंद्रात गेले नव्हते. सक्तीचे मतदान असलेल्या देशात मत देण्याची संधी न मिळणे, हे तिथल्या वैतागाचे पहिले कारण होते.

वृत्तपत्रांवरील बंधने

दुसरे कारण माध्यमांच्या रचनेत होते. १९७४ च्या वृत्तपत्र आणि मुद्रणालय कायद्याने वृत्तपत्र कंपन्यांत ‘व्यवस्थापन समभाग’ हा खास प्रकार निर्माण केला. संचालक किंवा कर्मचारी यांच्या नेमणुकीबाबतच्या मतदानात अशा एका समभागाला साध्या समभागाच्या दोनशेपट वजन असते, आणि तो कोणाला द्यायचा यासाठी सरकारची संमती लागते. त्यामुळे वृत्तपत्राची मालकी सरकारकडे नसली तरी तिथे कोण बसणार यावर सरकारची नजर राहते. स्ट्रेट्स टाइम्स, चिनी भाषेतले लिआनहे झाओबाओ, मलाय बेरिता हारियान आणि तमिळ मुरसु ही प्रमुख दैनिके एकाच समूहाची आहेत. दूरचित्रवाणी मीडियाकॉर्पकडे आहे आणि मीडियाकॉर्पची मालकी टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीकडे.

सिंगापूरचे माध्यम-अभ्यासक चेरियन जॉर्ज यांनी ‘फ्रीडम फ्रॉम द प्रेस’ (२०१२) या पुस्तकात या व्यवस्थेचे विश्लेषण केले आहे. त्यांच्या मते तिचे बळ उघड सेन्सॉरशिपमध्ये नाही, ते मोजूनमापून वापरलेल्या दबावात आहे. संपादकांना मर्यादा माहीत असतात आणि त्या ओलांडायच्या नाहीत याची सवय जडते. सरकारची बाजू अशी की अनेक वंश, धर्म आणि भाषा असलेल्या छोट्या देशात बेजबाबदार वृत्तपत्र दंगल पेटवू शकते, म्हणून माध्यमांनी राष्ट्रबांधणीत साथ द्यावी. १९५० आणि १९६४ च्या दंगली ज्या समाजाने पाहिल्या, त्याच्या दृष्टीने ही भीती पोकळ नव्हती. पण वंशांमधली शांतता सांभाळण्याची गरज आणि घरांच्या किमतींवर सरकारला प्रश्न विचारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी घातलेली बंधने दुसरीलाही लागू झाली, की मतदाराला लागणारी माहितीही आटते.

सिंगापूरमधल्या मराठी कुटुंबांना याची आणखी एक बाजू जाणवते. निवडणुकीतली पक्षांची प्रसारित भाषणे इंग्रजी, मँडरिन, मलाय आणि तमिळ या चार अधिकृत भाषांत असतात. शाळेत तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषांची सोय आहे. मराठी त्यांत नाही. सिंगापूरचे नागरिक झालेल्या मराठी माणसाला मताचा हक्क आहे, कायम रहिवासी असलेल्याला नाही. त्या मतासाठी लागणारी स्थानिक माहिती मात्र त्याला मुख्यतः इंग्रजीतूनच घ्यावी लागते. इंग्रजी बातमी उथळ असली तर त्याच्यापाशी दुसरे वृत्तपत्र नसते.

२००६: एका अर्जाची निवडणूक

६ मे २००६ च्या निवडणुकीत अल्जुनीडला अखेर लढत मिळाली. पीएपीच्या संघाचे नेतृत्व परराष्ट्रमंत्री जॉर्ज यो यांच्याकडे होते, वर्कर्स पार्टीच्या संघाचे सिल्व्हिया लिम यांच्याकडे. देशात ८४ पैकी ४७ जागांवर लढत होती. १९८८ नंतर प्रथमच पीएपीला उमेदवारीच्या दिवशीच सत्ता मिळाली नव्हती.

चर्चेला विषय भरपूर होते. राहणीमानाचा खर्च, वृद्धांची आरोग्यसेवा, उत्पन्नातली दरी, आणि सरकारी वसाहतींच्या सुधारणेचा निधी मताशी जोडणे योग्य आहे का हा प्रश्न. हौगांग आणि पोटोंग पासिर या विरोधकांच्या दोन जागा पीएपीने जिंकल्या तर तिथल्या सुधारणांसाठी मिळून १८ कोटी सिंगापूर डॉलर, असे आश्वासन पुढे आले होते. ते लाच ठरते की विकासाचा आराखडा, यावर गंभीर वाद होऊ शकला असता.

प्रचारातली जागा मात्र एका कागदाने व्यापली. वर्कर्स पार्टीचे अल्जुनीडमधले उमेदवार जेम्स गोमेझ २४ एप्रिलला निवडणूक विभागात गेले होते. अल्पसंख्याक उमेदवाराच्या दाखल्यासाठीचा अर्ज त्यांनी भरला, पण तो सादर न करता बॅगेत ठेवला. दोन दिवसांनी दाखला घेण्यासाठी परत आल्यावर आपण अर्ज दिला होता असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. सीसीटीव्हीच्या चित्रणात अर्ज बॅगेत जाताना दिसला. गोमेझ यांनी चूक मान्य करून माफी मागितली, पण पीएपीच्या नेत्यांनी हा प्रामाणिकपणाचा प्रश्न केला. पुढचे अनेक दिवस वृत्तपत्रांची पहिली पाने आणि दूरचित्रवाणीच्या बातम्या याच विषयाने भरल्या. मतदानानंतर दुसऱ्या दिवशी गोमेझ यांना चांगी विमानतळावर थांबवून पोलिसांनी चौकशी केली आणि १२ मे रोजी सक्त ताकीद देऊन प्रकरण मिटवले.

उमेदवाराचा प्रामाणिकपणा तपासणे हे वृत्तपत्राचे काम आहे, यात वाद नाही. खटकते ते प्रमाण. नऊ दिवसांच्या प्रचारात एका अर्जाने इतकी जागा घेतली तर आरोग्यसेवेला किती उरणार? पाया लेबारच्या मतदाराला पुढची पाच वर्षे आपल्या इमारतीची देखभाल कोणत्या पक्षाच्या खासदारांची नगरपरिषद करणार, तिचा खर्च कसा भागणार आणि आपले खासदार संसदेत काय विचारणार हे ठरवायचे होते. त्याबद्दल त्याला फार थोडे वाचायला मिळाले.

निकालात पीएपीला ७४,८४३ आणि वर्कर्स पार्टीला ५८,५९३ मते मिळाली, म्हणजे ५६.०९ विरुद्ध ४३.९१ टक्के. इतक्या प्रतिकूल प्रसिद्धीनंतरही विरोधी संघ ४४ टक्क्यांजवळ पोहोचला. प्रसिद्धी आणि मतदाराचे मन यांतले अंतर या आकड्यांत दिसते.

बातमी उथळ का होते

हा दोष एका देशाचा नाही. अमेरिकेचे राज्यशास्त्रज्ञ थॉमस पॅटरसन यांनी ‘आऊट ऑफ ऑर्डर’ (१९९३) या पुस्तकात दाखवले की वार्ताहर निवडणुकीकडे खेळ म्हणून पाहतो, तर मतदार तिच्याकडे कारभारी निवडण्याचा प्रसंग म्हणून पाहतो. वार्ताहराला डावपेच, आघाडी-पिछाडी आणि चुका दिसतात. मतदाराला धोरण, क्षमता आणि परिणाम जाणून घ्यायचे असतात. जोसेफ कॅपेला आणि कॅथलीन हॉल जेमिसन यांनी ‘स्पायरल ऑफ सिनिसिझम’ (१९९७) मध्ये प्रयोगांच्या आधारे पुढचा टप्पा मांडला. ज्यांना डावपेचांच्या चौकटीतल्या बातम्या दिल्या गेल्या, त्यांच्यात राजकारणाविषयीचा अविश्वास वाढलेला आढळला. सगळे नेते स्वार्थासाठीच बोलतात असे रोज सांगितले गेले, की वाचक धोरणाच्या बातमीतही डावच शोधू लागतो.

सिंगापूरमध्ये या दोषाला वेगळे वळण मिळाले. अमेरिका किंवा भारतात बातम्यांचा खेळ जनमत चाचण्यांवर चालतो: कोण पुढे, कोण मागे. सिंगापूरमध्ये प्रचाराच्या काळात चाचण्यांनाच बंदी आहे, त्यामुळे ती जागा व्यक्तींच्या चुका आणि नेत्यांची टोलेबाजी यांनी घेतली. धोरणावरची बातमी महाग पडते. तिला आकडे, तज्ज्ञ आणि वेळ लागतो, शिवाय सत्तेला अडचणीचे प्रश्न विचारावे लागतात. एखाद्याच्या चुकीची बातमी स्वस्त असते. बंधनात काम करणाऱ्या वृत्तपत्राला ती सुरक्षितही असते.

वैताग वाट शोधतो

अल्जुनीड आणि शेजारच्या हौगांगच्या मतदारांनी २००६ मध्येच दुसरे मार्ग धरले. ३० एप्रिलला हौगांगच्या मैदानावर वर्कर्स पार्टीची सभा झाली. तिची गर्दी नेमकी किती होती हे वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांवरून कळत नव्हते. लेखक अॅलेक्स आव यांनी उंच इमारतीवरून काढलेले, माणसांनी भरलेल्या मैदानाचे छायाचित्र इंटरनेटवर टाकले आणि ते हातोहात पसरले. बातमीत न आलेली गोष्ट लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

त्या निवडणुकीत राजकीय आशयाच्या पॉडकास्टना प्रचारकाळात परवानगी नसल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. त्यावर मिस्टर ब्राऊन या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले ली किन मुन यांनी ‘राजकारण नसलेले’ पॉडकास्ट काढले. त्यात बाक चोर मी या खिमा-नूडल्सचा विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यात कलेजी नको असे सांगितले होते की नव्हते, यावरून वाद रंगतो. गोमेझ यांचे नाव त्यात कुठेच येत नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला संदर्भ कळत होता. एका अर्जावरून चाललेल्या प्रदीर्घ गदारोळाबद्दल लोकांना काय वाटत होते, ते त्या विनोदात उतरले.

निवडणुकीनंतर वीजदर आणि टॅक्सीभाडे वाढले. ३० जूनला मिस्टर ब्राऊन यांनी ‘टुडे’ या दैनिकातल्या सदरात, प्रगतीच्या गप्पांनी सिंगापूरकर वैतागले आहेत अशा आशयाचा लेख लिहिला. भाववाढीच्या घोषणा मतदान उरकल्यावरच का आल्या, हा त्यातला रोख होता. माहिती मंत्रालयाने जाहीर पत्राने लेखकाला फटकारले आणि ‘टुडे’ने सदर बंद केले. लेख थांबला, पण त्यातला प्रश्न पुढच्या निवडणुकीपर्यंत लोकांच्या मनात राहिला.

२०११: उत्तर

७ मे २०११ च्या निवडणुकीत ८७ पैकी फक्त टांजोंग पागारच्या पाच जागा बिनविरोध गेल्या. सिंगापूरच्या बहुसंख्य मतदारांना या वेळी खरी निवड करता आली. घरांच्या वाढत्या किमती, परदेशी कामगारांची संख्या, गर्दीने भरलेल्या मेट्रो गाड्या आणि मंत्र्यांचे पगार हे विषय सभांतून आणि इंटरनेटवरून पुढे आले. पक्षांना आणि उमेदवारांना समाजमाध्यमे व पॉडकास्ट वापरण्याची मुभा आता मिळाली होती.

वर्कर्स पार्टीचे नेते लो थिआ खिआंग यांनी १९९१ पासून राखलेली हौगांगची सुरक्षित जागा सोडली आणि ते अल्जुनीडमध्ये उतरले. त्यांच्या संघात सिल्व्हिया लिम, वकील चेन शो माओ, प्रीतम सिंग आणि फैसल मनाप होते. एप्रिलअखेर माजी पंतप्रधान ली क्वान यू यांनी अल्जुनीडच्या मतदारांनी विरोधकांना निवडले तर त्यांना पस्तावायला पाच वर्षे मिळतील, अशा आशयाचे विधान केले. ३ मे रोजी पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी सभेत सरकारच्या चुकांबद्दल क्षमा मागितली. जॉर्ज यो यांनीही आपल्या पक्षाने बदलायला हवे असे उघडपणे सांगितले. धमकी आणि क्षमायाचना एकाच आठवड्यात मतदारापुढे आल्या.

वर्कर्स पार्टीला ७२,२८९ मते (५४.७२ टक्के) आणि पीएपीला ५९,८२९ मते मिळाली. गट मतदारसंघ विरोधकांनी जिंकण्याची ही पहिली वेळ होती. पाया लेबार विभागाचे काम चेन शो माओ यांच्याकडे आले. देशभरात पीएपीची मते ६०.१४ टक्क्यांवर आली, स्वातंत्र्यानंतरची तोवरची सर्वांत कमी. आठवडाभरात ली क्वान यू आणि गो चोक तोंग हे दोन्ही माजी पंतप्रधान मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मंत्र्यांच्या पगारांचा फेरविचार करायला समिती नेमली गेली आणि २०१२ मध्ये पंतप्रधानांचे वेतन ३६ टक्क्यांनी कमी झाले. वैतागलेल्या मतदाराच्या मताने सरकारी निर्णय बदलले.

नवे माध्यम, जुना दोष

यावरून इंटरनेट खोल आणि वृत्तपत्र उथळ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. २०११ मध्येच पीएपीच्या तरुण उमेदवार टिन पेई लिंग यांच्यावर इंटरनेटवर झोड उठली ती एका महागड्या पिशवीसोबतच्या छायाचित्रावरून. विरोधी गटातल्या निकोल सिया यांच्याशी त्यांची तुलनाही बहुतेक वेळा व्यक्तिमत्त्वापुरतीच राहिली. त्या वेळी इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिसी स्टडीजच्या सर्वेक्षणात असेही आढळले की बहुसंख्य मतदार अजून वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणीवरच अधिक विसंबून होते आणि त्यांच्यावरच अधिक विश्वास ठेवत होते. लोकांना वृत्तपत्र नकोसे झाले नव्हते. ते अधिक चांगले हवे होते.

२०१५ च्या प्रचारावर अल्जुनीड-हौगांग नगरपरिषदेच्या हिशेबांचे सावट होते. विषय महत्त्वाचा होता, कारण रहिवाशांच्या दरमहा शुल्काचा पैसा त्यात होता. पण लेखापरीक्षणाचे बारकावे आणि राजकीय आरोप यांची सरमिसळ झाल्याने सामान्य रहिवाशाला नेमके काय चुकले हे समजणे कठीण गेले. वर्कर्स पार्टीने अल्जुनीड ५०.९५ टक्के मतांनी जेमतेम राखले. पुढे प्रकरण न्यायालयात बरीच वर्षे चालले आणि २०२४ मध्ये तडजोडीने मिटले. २०२० मध्ये कोविडमुळे सभा झाल्या नाहीत, पण १ जुलैला चार पक्षांचे प्रतिनिधी दूरचित्रवाणीवर इंग्रजीतून थेट वादविवादाला बसले आणि रोजगार, लोकसंख्या, करविषयक धोरणे यांवर बोलले. त्या वर्षी अल्जुनीडमध्ये वर्कर्स पार्टीची मते ५९.९५ टक्क्यांवर गेली.

३ मे २०२५ च्या निवडणुकीत फूट पाडणाऱ्या विषयांची चाहूल पुन्हा लागली. अल्जुनीडचे फैसल मनाप तांपिनेस मतदारसंघात लढायला गेले होते. त्याच सुमारास मलेशियातल्या काही राजकारण्यांच्या आणि एका माजी सिंगापूरकराच्या धर्माधारित पोस्ट रोखण्याचा आदेश सरकारने मेटा कंपनीला दिला. दोन्ही प्रमुख पक्षांनी धर्म आणि राजकारण वेगळे ठेवण्याची भूमिका मांडली. उमेदवारांच्या बनावट चित्रफितींना प्रचारकाळात बंदी घालणारा कायदा आदल्या वर्षीच संमत झाला होता. अल्जुनीडने वर्कर्स पार्टीला ५९.६८ टक्के मते दिली. देशभरात मात्र पीएपीचा वाटा वाढून ६५.५७ टक्के झाला. एकाच दिवशी देशातल्या आणि विभागातल्या मतदारांनी वेगवेगळा हिशेब मांडला.

महाराष्ट्राच्या आरशात

महाराष्ट्रातले चित्र वेगळे आहे, पण वैताग ओळखीचा आहे. तिथे वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची गर्दी आहे, बिनविरोध आमदार क्वचित होतो, आणि प्रचार आठवडेच्या आठवडे चालतो. तरीही २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातमीच्या रूपात प्रचार छापल्याचे प्रकार पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारखी स्तुती आली होती. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल तयार केला. सिंगापूरमध्ये बातमीवर सत्तेचा दाब होता, महाराष्ट्रात पैशाचा. दोन्हीकडे मतदाराच्या हाती अर्धीच माहिती पडली.

भारतात २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतदानयंत्रावर ‘नोटा’चे बटण आले. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७,५०० मते पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. १९६२ च्या सिंगापूरमधल्या कोऱ्या मतपत्रिकांप्रमाणे हाही मांडलेल्या पर्यायांना दिलेला नकार होता. जे लोक उन्हात रांगेत उभे राहून ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबतात त्यांना राजकारणाचा कंटाळा आलेला नसतो. कंटाळलेला माणूस घरी बसतो.

बातमीच बंद करणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या जागतिक अहवालात ३९ टक्के लोकांनी आपण कधी कधी किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतो असे सांगितले. लोकशाहीसाठी हा वैतागाचा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण यात मतदार प्रश्न विचारणेच सोडून देतो.

मतदाराला काय लागते

पाया लेबारच्या इतिहासातून निवडणुकीच्या चांगल्या बातमीची चार कामे स्पष्ट दिसतात. पहिले, कारभाराचा हिशेब: गेल्या पाच वर्षांत नगरपरिषद, नगरपालिका किंवा सरकारने किती पैसा कशावर खर्च केला, आणि त्याचा रहिवाशाला काय उपयोग झाला. दुसरे, आश्वासनाची किंमत: एखाद्या विभागाला कोट्यवधी देण्याची घोषणा होते तेव्हा तो पैसा कुठून येणार आणि कोणाच्या वाट्याचा आहे. तिसरे, प्रमाणाचे भान: उमेदवाराच्या चुकीला तिच्या महत्त्वाइतकीच जागा. चौथे, फूट पाडणाऱ्या विधानाला मथळा देण्यापूर्वी त्याचा मतदाराच्या जगण्याशी संबंध आहे का हे तपासणे. वंश, धर्म आणि जात यांच्या नावाने केलेली चिथावणी जितक्या वेळा छापली जाते, तितक्या वेळा ती पसरतेही.

यासाठी कायद्याइतकीच पत्रकाराच्या सवयींची आणि वाचकाच्या आग्रहाची गरज असते. शांततेचा दिवस दोन्ही देशांत आहे. सिंगापूरमध्ये २०११ पासून मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद असतो. भारतात मतदान संपण्याच्या ४८ तास आधी तो थांबतो. हा वेळ विचार करण्यासाठी दिलेला आहे. पण विचाराला लागणारी माहिती त्यापूर्वीच मतदाराच्या हाती पडायला हवी. ती पडली नाही तर काय होते हे अल्जुनीडने २००६ मध्ये दाखवले, आणि मतदार ते विसरत नाही हे २०११ मध्ये.